देवाच्या नावे

धंदा कसा चाललाय, हे दुकानदाराला कधी विचारू नये. बरा चालला असेल तर तो म्हणतो, "कसला धंदा घेऊन बसलात, सगळं बसलंय." आणि खरोखरच बसला असेल तर म्हणतो, "देवाच्या कृपेनं चाललंय." त्यापेक्षा गल्ल्यामागच्या भिंतीवरच्या तसबिरी मोजाव्यात. नव्या दुकानात एकटी लक्ष्मी असते, कमळावर बसलेली, दोन्ही बाजूंना हत्ती. पहिली मंदी आली की शेजारी गणपती येतो. समोर मोठा मॉल उघडला की तिरुपतीचा बालाजी, शेजारच्या गाळ्यात त्याच मालाचं दुसरं दुकान निघालं की दत्तगुरू, आणि जीएसटीची नोटीस आली की शनिमहाराज. पाच-सहा तसबिरी झाल्या की त्यांच्याभोवती विजेची माळ चढते. माळ दिवसाही लुकलुकत असेल, तर त्या दुकानदाराला हातउसने देऊ नयेत.

हे मी टिंगल म्हणून सांगत नाही. एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी उमेदीची वर्षं गेली आणि तिथे ताळेबंदाइतकीच मी भिंत वाचत आलो. ताळेबंद सीएकडून करून घेता येतो, भिंत ज्याची त्यालाच भरावी लागते.

आपल्याकडे देवाला भागीदार केल्याशिवाय कुणी शटर वर करत नाही. उंबऱ्यावर पाणी शिंपडायचं, उदबत्ती आधी देवाला, मग गल्ल्याला, मग तराजूला ओवाळायची. भवानीची नोट कपाळाला लावल्याशिवाय आत टाकायची नाही. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. शनिवारी लिंबू-मिरची बदलायची. लक्ष्मीपूजनाला नवी वही आणून पहिल्या पानावर 'श्री' काढायचा. हा भागीदार असा, की भांडवल घालत नाही, सहीला येत नाही, नफ्यात त्याचा वाटा सव्वा रुपयापासून सोन्याच्या मुकुटापर्यंत काहीही असू शकतो, आणि तोटा आला तर त्याच्या वाट्याचाही आपणच सोसायचा. कुठल्याही वकिलानं असा करारनामा होऊ दिला नसता. पण यात एकट्या दुकानदाराला हसण्यासारखं काही नाही. २०२०च्या ऑगस्टमध्ये जीएसटीच्या उत्पन्नात खड्डा पडला, तेव्हा केंद्रीय अर्थमंत्र्यांनीही ही देवाची करणी असल्याचं सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या पेढीला जर शेवटी वर बोट दाखवावं लागत असेल, तर आमच्या अण्णांनी काय करावं?

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. सांगलीत मारुती रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळात त्यांचा छापखाना. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, शिशाच्या खिळ्यांनी भरलेल्या लाकडी केसी, शाईचा आणि रॉकेलचा मिळून एक वास, आणि दोरीवर वाळत घातलेल्या पत्रिका. मुख्य काम लग्नपत्रिकांचं. पत्रिकेच्या डोक्यावर गजानन प्रसन्न, त्याखाली कुलस्वामिनी प्रसन्न, मुलीकडचे जोतिबाचे आणि मुलाकडचे खंडोबाचे असले तर तेही दोघे प्रसन्न. त्यामुळे झालं असं, की अण्णांच्या केसीतले 'प्र' आणि 'न्न' हे खिळे इतरांच्या कितीतरी आधी झिजले. पत्रिकेवर देवाचं नाव ठसठशीत उमटायचं आणि प्रसन्न पुसट. गिऱ्हाईक कुरकुरलं की अण्णा म्हणायचे, "नवा टाइप मागवायचाय. फौंड्रीला पैसे पाठवायचे राहिलेत. तो एकदा प्रसन्न झाला, की पहिलं काम ते."

तो कधी झाला नाही. आधी ऑफसेट आलं. मग शेजारच्या बोळातल्या पोरानं संगणक घेऊन त्यावर श्रीलिपी टाकली आणि अण्णांचा जुळारी दिवसभर जे जुळवायचा, ते तो चहा गार व्हायच्या आत करू लागला. मग फ्लेक्स आले, आणि शेवटी लग्नाची आमंत्रणं थेट मोबाइलवर, सनईसकट. प्रत्येक वेळी अण्णा एवढंच म्हणाले, "तो बघतोय ना." बोलताना वर पाहायचे. वर पंखा होता.

काकू आत बसून पावतीपुस्तकांना पिना मारत असायच्या. तिथूनच त्या म्हणायच्या, "तो बघतोय, मीही बघतेय. करणार कोण, तेवढं सांगा."

२०१५मध्ये सरकारनं मुद्रा कर्ज आणलं तेव्हा मी अर्ज घेऊन गेलो होतो. शिशु गटाला पन्नास हजारांपर्यंत, किशोरला पाच लाखांपर्यंत, तरुणला दहा लाखांपर्यंत. अण्णांनी अर्ज चष्मा वर-खाली करून वाचला आणि विचारलं, "अरे, म्हाताऱ्यांचा गट कुठाय?" ते विनोद करत नव्हते. छापखान्याचं वय आणि त्याची प्रकृती पाहता प्रश्न रास्त होता. अर्ज त्यांनी घडी करून ट्रेडलच्या डगमगत्या पायाखाली घातला. तेवढा उपयोग त्याचा झाला.

अण्णा माळकरी. दुपारी काम नसलं, म्हणजे बहुतेक दुपारी, महिपतींचा भक्तविजय उघडून बसायचे. महिपती ताहराबादकर मुळात कुलकर्णी, म्हणजे गावचे हिशेबनीस. पूजेत असताना जहागीरदाराचं बोलावणं आलं, तेव्हा हे लेखणीचं काम पुन्हा करायचं नाही असं ठरवून त्यांनी हिशेब सोडला आणि संतांची चरित्रं लिहायला घेतली, अशी हकिकत आहे. हिशेब सोडलेल्या माणसानं हिशेब न जमलेल्या माणसांची लिहिलेली ती चरित्रं. अण्णांना त्यात धीर मिळायचा. मला कर्ज प्रकरणं दिसायची.

बघा ना, वारकरी संतांची यादी म्हणजे पेठेतल्या पाट्याच आहेत. शिंपी, वाणी, माळी, कुंभार, सोनार, न्हावी. सगळे आपल्यासारखेच गाळेवाले. नामदेवांना वडिलांनी, दामाशेटींनी, कापड विकायला बाजारात पाठवलं. गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्यांनी वाटेतल्या धोंड्यांनाच कापड पांघरलं, उधारीवर, आणि त्यातल्याच एका धोंड्याला जामीन ठेवलं. जामीनदार स्थावर असावा, असं आमच्या बँकेचंही म्हणणं असायचं, पण इतकं नाही. नरहरी सोनारांनी विठ्ठलाच्या मूर्तीसाठी करगोटा केला. गिऱ्हाईक विठोबाचं आणि आपण शंकराचे, म्हणून देवळात पाऊल न टाकता निरोपानं आलेल्या मापावर केला. तो एकदा सैल झाला, एकदा आवळ झाला. दागिना परत, मजुरी अडकलेली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाच्या अंबारातलं धान्य लोकांना वाटून टाकलं. आमच्या भाषेत ही सरळ अफरातफर. विठू महाराच्या रूपात देवानं स्वतः बिदरला जाऊन पैसे भरले म्हणून मान वाचली. सेना न्हाव्याच्या जागी तर देव धोकटी घेऊन राजाची हजामत करून आला म्हणतात.

म्हणजे देव येत नाही असं नाही. प्रत्येक कथेत येतो. पैसे भरतो, कामाला हात लावतो, वेळ मारून नेतो. पण देवाच्या कृपेनं कुणाचं दुकान वाढलं, तालुक्याला दुसरी शाखा निघाली, असं अख्ख्या भक्तविजयात मला कुठे सापडलं नाही. माणूस वाचतो. गाळा जातो.

तुकोबांचं प्रकरण तर फार जवळचं. देहूची पिढीजात महाजनकी, वाण्याचं दुकान, सावकारी. १६३०च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला, त्यात दिवाळं निघालं, थोरली बायको आणि मुलगा अन्नाविना गेले. पुढे कधी मिरची घेऊन ते कोकणात उतरले. लोकांनी हवी तशी मापं भरून नेली, पैसे मात्र देवाला दारोदार फिरून गोळा करून द्यावे लागले. येताना एका ठकानं सोन्याचा मुलामा दिलेली पितळी कडी गळ्यात मारली आणि देवानं केलेली वसुली पितळेत गेली. धाकटी बायको जिजाई म्हणजे पुण्याच्या गुळवे सावकारांची लेक. तिनं स्वतःच्या नावावर कर्ज काढून पुन्हा भांडवल उभं करून दिलं. या खेपेला नफा झाला! आणि परतीच्या वाटेवर कर्जापायी अडकलेला एक ब्राह्मण भेटला, त्याला सगळे पैसे देऊन तुकोबा हात हलवत घरी आले. जिजाई कजाग होती असं कीर्तनकार रंगवून रंगवून सांगतात. मला ती त्या घरातली एकमेव व्यवहार कळणारी व्यक्ती वाटते. ही गोष्ट निघाली की काकू पिना मारणं थांबवायच्या आणि फक्त अण्णांकडे बघायच्या.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तुकोबांचे कागद इंद्रायणीत दोनदा बुडाले. पहिल्यांदा त्यांनी स्वतःच, वडिलार्जित सावकारीची खतं. धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याचा निम्मा वाटा वेगळा काढून दिला आणि आपला निम्मा पाण्यात सोडला. दुसऱ्यांदा अभंगांच्या वह्या, रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून. वह्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, हे महाराष्ट्रातलं शेंबडं पोरही सांगेल. पण खतं? नदी तीच, देव तोच, बुडवणाराही तोच. खतांचा एक चिटोराही वर आला नाही. देवानं कविता परत केली आणि येणं बाकी बुडू दिलं. मी हे अण्णांना ऐकवलं, तेव्हा ते खूश झाले. काकूंना ऐकवलं, तर त्या म्हणाल्या, "कान्होबा शहाणा होता."

आता अण्णांच्या येणं बाकीकडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे. लग्नपत्रिका गेल्यावर छापखाना उरला होता तो देवाच्याच कामांवर. गणेशोत्सवाची वर्गणीची पावतीपुस्तकं, हरिनाम सप्ताहाच्या पत्रिका, जत्रेची हँडबिलं, देवस्थानाच्या देणगीच्या पावत्या, दत्तजयंतीच्या महाप्रसादाचे पास. आषाढ लागला की मंडळाची पोरं येऊ लागायची. "अण्णा, शंभर पानी वीस बुकं. गणपती जरा मोठा छापा. मागच्या साली उंदीर आलाच नव्हता." उंदराचा ब्लॉक हरवला होता. मग पैशाचा विषय निघायचा, म्हणजे अण्णा काढायचे नाहीत, काकू काढायच्या. पोरं कानाला हात लावायची. "काकू, काय ओ, देवाचं काम हाय. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी." विसर्जनानंतर गणपतीही नसायचा आणि पोरंही नसायची. पावतीपुस्तकांवर लोकांकडून रोख वर्गणी गोळा व्हायची आणि ती ज्यावर लिहिली जायची तो कागद उधारीचा. सांगलीतले बरेच देव अण्णांचं देणं लागत होते.

काकूंच्या वहीत ही सगळी नावं एका पानावर होती आणि पानाच्या डोक्यावर त्यांनी नेहमीच्या सवयीनं 'श्री' काढला होता. एकनाथमहाराज जनार्दनस्वामींच्या कचेरीत एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर दिव्यासमोर बसले आणि चूक सापडल्यावर आनंदानं टाळी पिटली. काकूही तशाच बसायच्या, फक्त टाळी पिटण्याचा प्रसंग यायचा नाही, कारण चूक नव्हतीच. आकडा बरोबर होता, पैसे नव्हते. एकदा त्या म्हणाल्या, "लोक देवाला नवस बोलतात, मला हे दे, ते दे. मी काही मागत नाही. आमचंच आम्हाला द्या म्हणते."

दर श्रावणात छापखान्यात सत्यनारायण. सव्व्याच्या मापाचा प्रसाद, केळ्याचे खांब ट्रेडलला बांधलेले, चौरंग कागदाच्या रिमांमध्ये. ही कथा लहान धंदेवाल्यानं जरा लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. लाकूडतोड्यानं पूजा करायचं मनात आणलं आणि त्या दिवशी मोळीला दुप्पट भाव मिळाला. साधुवाण्यानं मात्र बोललेली पूजा मुलीच्या जन्मावरून तिच्या लग्नावर, लग्नावरून पुढे, अशी ढकलली, शेवटी नावेत काय आहे विचारल्यावर 'लतापत्र' म्हणून मोकळा झाला, तर माल खरोखरच पाला झाला. वायदे पुढे ढकलणाऱ्याची त्रेधा उडते, अशी ही कथा. ती ऐकायला ज्या मंडळाकडे सर्वांत जुनी बाकी त्याचे अध्यक्ष पहिल्या रांगेत बसायचे, हात जोडून, डोळे मिटून. गुरुजी साधुवाण्याच्या दंडापाशी आले, की काकू आवाज थोडा मोठा करायला सांगत. अध्यक्षांवर परिणाम शून्य. प्रसाद मात्र दोनदा घ्यायचे.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढू लागली. पुराच्या दिवसांत सांगलीकर एकमेकांना 'काय कसं' विचारत नाहीत. 'किती झालं?' विचारतात, आणि उत्तर फुटांत येतं. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. बोळातल्या प्रत्येक दुकानात २००५च्या पुराची खूण होती, पाणी जिथवर आलं तिथे भिंतीवर ओढलेली रेघ. सगळ्यांनी माल त्या रेघेच्या वर रचला, वर आणखी हातभर सोडून. देवावर सोपवलंय म्हणणारी आख्खी पेठ खरं म्हणजे त्या रेघेवर विसंबून होती. अण्णांनीही पावतीपुस्तकांचे गठ्ठे रेघेच्या वरच्या फळीवर चढवले, गणपती लवकर होते, माल तयार होता. काकू रेडिओला कान लावून कोयनेचा विसर्ग ऐकत होत्या. "एवढे क्युसेक सोडलेत. ते पाणी काय पुण्याला जाणार आहे?" असं म्हणून त्यांनी आपली वही पिशवीत घातली आणि मिरजेला बहिणीकडे निघाल्या. अण्णांना हाताला धरून नेलं.

पाणी ५७ फुटांवर गेलं. रेघ बुडाली, हातभर सोडलेली जागा बुडाली, फळी बुडाली.

ओसरल्यावर शटर उघडायलाच दोन माणसं लागली. आत मऊ, काळा, वास मारणारा चिखल. लाकडी केसी फुगून कप्प्यात घट्ट बसलेल्या. कागदाच्या रिमांचे लगदे. पावतीपुस्तकं एकमेकांना अशी चिकटलेली की गणपतीवर गणपती उमटले होते. बिलांच्या फायली हातात घेतल्या की पिळल्यासारख्या गळत. वाट पाहूनही तेराव्या दिवशी काही कोरडं झालं नाही. शिशाचे खिळे तेवढे शाबूत, ते कशालाच दाद देत नाहीत. अण्णा दारात उभे राहून बराच वेळ काही बोलले नाहीत. 'तो बघतोय' हेही नाही. मला त्याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं आली. तीच, सर्वांत जुन्या बाकीवाली. फावडी, घमेली, कुठून तरी पैदा केलेला पंप. आली ती दिवेलागणीपर्यंत चिखल ओढत राहिली, आणि परत दुसऱ्या दिवशीही आली. एकानं ट्रेडलच्या चाकातला गाळ बोटांनी काढला. एकजण केसीतले खिळे चाळणीत धूत बसला होता, त्याला अक्षरं उलटी वाचता येत नव्हती, पण हरवलेला उंदराचा ब्लॉक त्यालाच सापडला. कुणाच्या तोंडून 'देवाचं काम हाय' निघालं नाही.

संध्याकाळी अण्णांना बोल फुटला. "बघितलंस? आला की नाही?"

"आला," काकू म्हणाल्या. "बिलाचे पैसे आणले नाहीत."

त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला नव्या वहीत जुन्या बाक्या ओढताना काकूंनी जे केलं, ते मी कर्ज विभागात उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मंडळाच्या खात्यावर त्यांनी पोरांची मजुरी जमा धरली. माणशी चारशे रुपये रोज, इतकी माणसं, इतके दिवस, पंपाचं भाडं वेगळं, उंदराच्या ब्लॉकचे वेगळे. बेरीज केली, नावे रकमेतून वजा केली. तरी सहा हजार आणि काहीशे उरले. अण्णा म्हणाले, "अगं, आता ते सोडून दे. पोरांनी एवढं केलं."

"सोडून देणारे आपण कोण? देवाच्या नावे आहेत ते. उद्या त्याला कमीपणा नको."

हिशेबाचा कागद घेऊन त्या स्वतः मंडळाच्या शेडमध्ये गेल्या. मजुरी जमा धरलेली पाहून पोरं ओशाळली, आपसात कुजबुजली, आणि तुळशीच्या लग्नाच्या आत निम्मे पैसे खरोखर आणून दिले. उरलेल्यांचं काय, हे काकू विचारणार तेवढ्यात अध्यक्षांनी नवी ऑर्डर काढली. आरतीसंग्रह, पाचशे प्रती, पहिल्या पानावर गणपती, उंदरासकट. पैसे माघी गणेशजयंतीनंतर.

अण्णांनी ऑर्डर लिहून घ्यायला पेन उघडलंसुद्धा. काकूंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, टोपण लावलं आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "बसा. कागदाचे पैसे आधी. शाई देवाची धरू."